वस्त्रबंधनाची परिभाषा आणि आपली शब्दसंकलने

वस्त्रांच्या अभ्यासात वस्त्राचा पोत, रंग, काठ आणि शिवण यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. ते वस्त्र अंगावर टिकते कशामुळे, ह्या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. बंद, कसा, गुंडी, काज, नाडी, निरी, कासोटा ह्या गोष्टी वस्त्राच्या वर्णनात शेवटी, आणि तेही ओझरत्या, येतात. ही उपेक्षा केवळ वेशभूषेच्या इतिहासकारांनी केलेली नाही. भाषेच्या अभ्यासकांनीही ती केली आहे आणि प्रस्तुत लेखक त्यास अपवाद नाही. गेल्या काही दशकांत आपल्या विद्यापीठांतून बोलींची जी शब्दसंकलने तयार झाली, त्यांतील 'वस्त्रे व अलंकार' ह्या प्रकरणाची चिकित्सा करणे आणि त्यातील एका मूलभूत उणिवेकडे लक्ष वेधणे, एवढाच ह्या टिपणाचा हेतू आहे. उदाहरणे मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यातील घेतली आहेत. कारण वऱ्हाडी मराठी, गोरबोली, गोंडी, कोलामी आणि सीमेवर तेलुगू अशा भिन्न कुळांतील भाषा ज्या भूमीत शेजारी नांदतात, तेथे ही उणीव अधिक ठळकपणे दिसते.

प्रथम मराठीतील नामांचा विचार करू. वस्त्रबंधनाच्या नामांत मराठीच्या इतिहासाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. 'गाठ' हा शब्द संस्कृत 'ग्रंथि'पासून प्राकृताच्या वाटेने आला. 'कसा' हा 'कसणे' ह्या धातूशी निगडित आहे. 'बंद' ह्या शब्दाविषयी मात्र निर्णय देणे कठीण; संस्कृत 'बन्ध' आणि फार्सी 'बंद' हे एकाच मूळाचे दोन अंकुर असल्याने अंगरख्याचा बंद कोणत्या अंगणातून आला हे केवळ ध्वनींवरून सांगता येत नाही. 'नेफा' हा निःसंशय फार्सी. 'गुंडी' हा शब्द मराठीप्रमाणे कानडीत व तेलुगूतही ह्याच अर्थाने चालतो आणि हिंदीत त्याचे 'घुंडी' हे रूप आढळते. म्हणजे यवतमाळच्या दक्षिण सीमेवर उभा असलेला मनुष्य सीमेच्या दोन्ही बाजूंस हा शब्द वापरू शकतो. 'काज' हा तर पोर्तुगीज 'काझा' म्हणजे घर. गुंडी जेथे शिरते ते तिचे घर, ही ती कल्पना. सेबास्तियांव रुदोल्फो दालगादो ह्या गोमंतकीय पंडिताने आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील आपल्या १९१३ च्या ग्रंथात हा प्रवास दाखविला आहे. 'बटण' हे नाव युरोपीय व्यापाराबरोबर आले. गोव्याच्या कोंकणीत त्याचेच पोर्तुगीज वळणाचे 'बुतांव' हे रूप रूढ आहे. आणि सर्वांत वरच्या थरात इंग्रजीतून आलेले 'हूक' व 'चेन' आहेत.

ही वंशावळ मनोरंजक आहे आणि आपले विद्यार्थी ती उत्साहाने देतात. परंतु तिच्यातून एकच गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे वस्तू आली की वस्तूचे नाव तिच्याबरोबर येते. ह्यात नवल काही नाही. भाषेने त्या वस्तूचे काय केले हे पाहावयाचे असेल, तर नाम सोडून क्रियापदाकडे वळले पाहिजे.

पुढील प्रयोग पाहा. अंगरख्याला शिंपी बंद 'लावतो', आणि तो अंगरखा घालणारा ते बंद 'बांधतो' व 'सोडतो'. लावणे हे शिवणाऱ्याचे कर्म, बांधणे हे नेसणाऱ्याचे कर्म. दोन माणसे, दोन प्रसंग, दोन क्रियापदे. निऱ्या खोचतात, कासोटा घालतात, नाडी ओवतात व मग आवळतात, कसे कसतात. प्रत्येक क्रियेत हाताची एक विशिष्ट हालचाल आहे आणि भाषेने ती वेगळी ओळखली आहे. आता बटण घ्या. शिंपी सदऱ्याला बटण 'लावतो', आणि सदरा घालणाराही बटण 'लावतो'. आई मुलाला 'बटण लाव' म्हणते तेव्हा ती त्याला सुईदोरा घ्यावयास सांगते आहे की गळा झाकावयास, हे केवळ प्रसंगावरून कळते. 'बटण काढणे' ह्या प्रयोगातही तीच संदिग्धता आहे. म्हणजे बंदाच्या जागी बटण आले तेव्हा केवळ एक नाम बदलले नाही. शिवणाऱ्याचे कर्म आणि नेसणाऱ्याचे कर्म यांतील जो भेद भाषेने जपला होता, तो ह्या ठिकाणी पुसला गेला. आमच्या मते मराठी वस्त्रबंधनाच्या इतिहासातील ही घटना 'काज' शब्दाच्या पोर्तुगीज जन्माहून कमी महत्त्वाची नाही. परंतु नामांची यादी करणाऱ्यास ती कधीच दिसणार नाही. कारण यादीत 'बंद' पुढे 'बटण' असे लिहिले की त्याचे काम संपते.

दुसरे एक निरीक्षण वाक्प्रचारांचे. कंबर कसणे, खूणगाठ बांधणे, पदराला गाठ मारणे, लग्नगाठ, गाठ पडणे, नाडी हाती असणे ह्या सर्वांत बांधण्याची किंवा आवळण्याची क्रिया आहे. (शेवटच्या प्रयोगात वैद्याची नाडीही मिसळली असावी.) बटण मात्र इतकी वर्षे आपल्या छातीवर वावरत असून वस्त्राच्या बटणावरून मराठीत असा एकही सर्वपरिचित वाक्प्रचार रूढ झालेला आमच्या आढळात नाही, 'बटण दाबणे' हा जो झाला तो यंत्राच्या बटणावरून. गाठीच्या प्रकारांचेही तसेच. एका टोकाला ओढ दिली असता सुटते ती सुरगाठ. ओढ दिल्याने अधिकच आवळते ती निरगाठ. वस्त्राच्या बंदाला सुरगाठ मारावी, पोत्याच्या तोंडाला निरगाठ, हे ज्ञान ज्या समाजाच्या बोटांत होते त्याच्या भाषेत हे दोन शब्द होते. आज पदव्युत्तर वर्गात विचारले असता निरगाठ पुष्कळांस माहीत असते, सुरगाठ थोड्यांस. हा भेद शब्दसंग्रहाच्या दारिद्र्याचा नव्हे. सुरगाठ मारण्याची गरज आता केवळ बुटाच्या नाडीपुरती उरली आहे.

आता कोशांकडे वळू. मोल्स्वर्थच्या कोशावर (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अनेक अंगांनी टीका झाली आहे आणि ती पुष्कळशी योग्यही आहे. परंतु त्या कोशाच्या एका शिस्तीकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. नामाचा अर्थ दिल्यावर त्या नामाबरोबर कोणती क्रियापदे चालतात हे तो कोश अनेक ठिकाणी संक्षेपाने नोंदवितो. दाते-कर्वे प्रभृतींच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२–३८) ही पद्धती पुढे चालविली. कोशकारास हे पक्के ठाऊक होते की 'गाठ' हा शब्द शिकलेल्या परक्या माणसास ती मारावयाची की घालावयाची हे सांगितल्याखेरीज त्याला भाषा आली असे म्हणता येणार नाही.

ह्याउलट आपल्याकडे शब्दसंग्रहाची दुसरीही एक परंपरा आहे आणि तिचा एक जुना व थोर नमुना म्हणजे शिवकालीन 'राज्यव्यवहारकोश'. यावनी नामांस संस्कृत प्रतिनामे देणे हे त्याचे प्रयोजन, आणि त्या प्रयोजनास नामांची वर्गवारीच पुरेशी होती. त्या कोशास दोष देण्याचे कारण नाही. त्याने जे करावयाचे योजिले ते केले. दोष आपला आहे. बोलींचे सर्वेक्षण हे प्रयोजन सर्वस्वी वेगळे असूनही आपण नकळत त्या नामप्रधान वर्गवारीचेच अनुकरण करीत आलो. आपल्या शब्दसंकलनांत 'शरीरावयव', 'नातेसंबंध', 'शेतीची अवजारे', 'वस्त्रे व अलंकार' असे वर्ग असतात. प्रत्येक वर्गात डावीकडे प्रमाण मराठी नाम आणि उजवीकडे बोलीतील नाम. क्रियापदांचे एक वेगळे प्रकरण शेवटी असते आणि त्यात येणे, जाणे, खाणे, पिणे यांसारखी क्रियापदे असतात. खोचणे, आवळणे, ओवणे, कसणे यांना वस्त्रांच्या प्रकरणात जागा नाही आणि क्रियापदांच्या प्रकरणातही नाही.

ह्या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहणे उपयुक्त ठरेल. त्यासाठी चिनी वस्त्रबंधनाचे उदाहरण घेऊ. भारताला चीनची ओळख वस्त्राच्या द्वारे फार प्राचीन काळी झाली. 'चीनांशुक' हा शब्द कालिदासाच्या शाकुंतलातही आहे. पण ती ओळख रेशमाची, शिवलेल्या पोशाखाची नव्हे. चिनी पोशाखाच्या इतिहासात बंधनाचा प्रश्न आरंभापासूनच सांस्कृतिक महत्त्वाचा ठरलेला दिसतो. अंगरख्याची डावी बाजू उजवीवर आणून उजवीकडे बांधणे ही सुसंस्कृतपणाची खूण आणि त्याच्या उलट बांधणे ही रानटीपणाची, असा संकेत तेथे होता. कन्फ्यूशियसच्या संवादांत क्वान चुंग ह्या मंत्र्याच्या उपकारांचा उल्लेख करताना, तो नसता तर आपल्यावर डावीकडे वस्त्र बांधण्याची पाळी आली असती, अशा अर्थाचे उद्गार आहेत. आपल्याकडेही मुघलकालीन चित्रांतील जाम्याचे बंद हिंदू डाव्या काखेत आणि मुसलमान उजव्या काखेत बांधीत, हे वेशभूषेच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. दोन्ही ठिकाणी वस्त्र तेच, बंदही तेच. वेगळी आहे ती बांधण्याची दिशा, आणि दिशा ही नामात नसते, क्रियेत असते.

पुढे मांचू राजवटीत (१६४४–१९१२) गुंडी-फाशाने बंद होणाऱ्या झग्यास प्रतिष्ठा मिळाली आणि १९२० नंतर शांघायमध्ये रूढ झालेल्या स्त्रियांच्या 'छीपाओ' ह्या पोशाखावर तीच गुंडी अलंकार म्हणून मिरवू लागली. ह्या गुंडीस 'फानखोऊ' म्हणतात. 'फान' म्हणजे वेटोळे घालणे. 'खोऊ' म्हणजे अडकविणे, आणि अडकविण्याची वस्तूही. कापडाच्या तिरक्या कापलेल्या पट्टीची बारीक दोरी शिवून तिच्या एका टोकाची घट्ट गाठ वळतात. ती झाली गुंडी. दुसऱ्या तशाच दोरीचा फासा करतात. दोन्ही दोऱ्यांची उरलेली शेपटे वस्त्रावर सपाट शिवली जातात आणि त्यांस फुलाचा, पानाचा किंवा 'फीफा' नामक तंतुवाद्याचा आकार दिला जातो. पाहणाऱ्याची दृष्टी ह्या आकारांवर खिळते आणि बंधनाचे काम फक्त मधल्या गाठीचे व फाशाचे आहे असा समज होतो. वस्तुतः गुंडीवर येणारा ताण त्या शिवलेल्या शेपटांतून वस्त्रावर पसरतो. तो एकाच बिंदूवर आला असता तर रेशीम फाटले असते. जे फूल म्हणून दिसते तेच वस्त्र धरून ठेवते. अलंकार आणि उपयोग यांची फारकत येथे करता येत नाही.

भाषेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. चिनीत गुंडी अडकविण्यास 'खोऊ' हेच क्रियापद आहे. परंतु गुंडी वस्त्राला शिवून बसविण्यास मात्र खिळा ठोकणे ह्या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद वापरतात. म्हणजे शिवणाऱ्याचे कर्म आणि नेसणाऱ्याचे कर्म हा जो भेद मराठीने बटणाच्या बाबतीत गमावला, तो चिनीने राखला आहे. ह्याचे एक कारण असे संभवते की चिनी गुंडी ही तेथल्याच बंदातून, तेथल्याच हातांनी, क्रमाक्रमाने वळली गेली. आपल्याकडे बटण तयार होऊन आले. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु क्रियापदे नोंदविली नाहीत तर असे अनुमान करण्याचीही सोय राहत नाही.

आता यवतमाळ जिल्ह्याकडे येऊ. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी ह्या भागांतील बंजारा तांड्यांवर वृद्ध स्त्रियांच्या अंगावर, आणि तीज, होळी, लग्न अशा प्रसंगी इतरांच्याही अंगावर, फेटिया, कांचळी व टुकरी असा वेश अद्याप पाहावयास मिळतो. ह्यांतील कांचळी ही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. तिचे नाव संस्कृत 'कञ्चुक' शब्दाच्या परिवारातील असून जुन्या मराठीतील 'काचोळी' ही तिची सख्खी बहीण होय. परंतु मराठी चोळी पुढे गाठ मारून बंद होते आणि बंजारा कांचळीची पाठ उघडी असून ती मागे बंदांनी बांधतात. नाव एका घरचे, बंधनाची दिशा विरुद्ध. कांचळीवर आरसे, नाणी आणि भरतकाम असते. बंदांच्या टोकांना लोकरीचे गोंडे व कवड्या असतात.

ह्या वेशाच्या लेखनाचा इतिहास जुना आहे. यवतमाळ जिल्हा ज्या काळी 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जात असे, त्या काळी वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज ह्या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांविषयी लिहिलेले प्रकरण १८८२ मध्ये पुनर्मुद्रित झाले. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) बंजाऱ्यांवरील लेख मुख्यतः त्याच्याच आधारे रचलेला आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) बंजारी बोलीचे नमुने आले. ह्या परंपरेत बंजारा स्त्रीचा वेश हा प्रामुख्याने अलंकारांच्या वैपुल्याचा विषय ठरला: बाहूंवरील बलये, केसांतील चांदी, कवड्या, आरसे. डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीस अग्रस्थान मिळणे स्वाभाविक आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढील अभ्यासकांनी कांचळीच्या बंदांचे गोंडेही अलंकारांच्या सदरात टाकले.

ह्या चुकीत प्रस्तुत लेखकाचा वाटा आहे, तो येथे मान्य करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यासाठी मी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात वस्त्रांच्या प्रकरणी प्रत्येक चित्रापुढे एकच प्रश्न होता: 'ह्यास काय म्हणतात?' पुसद भागातील एका तांड्यावर आमच्या विद्यार्थिनीने कांचळीच्या बंदावर बोट ठेवून तो प्रश्न एका वृद्धेस विचारला. वृद्धेने उत्तर दिले, "हे मांगं बांधाले हाय." विद्यार्थिनीने तोच प्रश्न पुन्हा विचारला; वृद्धेने तेच उत्तर पुन्हा, किंचित मोठ्या आवाजात, दिले. प्रश्नावलीच्या रकान्यात 'उत्तर नाही' अशी नोंद झाली, आणि ती तपासून मी स्वाक्षरी केली.

उत्तर नव्हते असे नाही. आम्हांस नाम हवे होते आणि तिने क्रिया दिली. तिच्या त्या चार शब्दांत दिशा होती, क्रिया होती आणि प्रयोजन होते. शिवाय, घरी गोरबोली बोलणाऱ्या ह्या स्त्रीने परक्या मुलीशी वऱ्हाडीत बोलताना नाम न योजता क्रियेचा आश्रय घेतला, हीच दोन भाषांच्या संपर्काविषयी एक मोलाची साक्ष होती. तिच्या भाषेत त्या बंदास स्वतंत्र नाव आहे की नाही, हा प्रश्न गोरबोलीत पुढे विचारता आला असता. बांधून दाखवा असे म्हणता आले असते. ही गाठ एकटीने बांधता येते की दुसरीचा हात लागतो, सुरगाठ की निरगाठ, कोणत्या हाताने ओढ देतात, हे सर्व विचारता आले असते. गोंडे व कवड्या यांविषयीही नवी दृष्टी आली असती. पाठीमागे, डोळ्यांस न दिसता, बोटांनी बंदाचे टोक शोधावयाचे असेल तर त्या टोकाला भार असणे व ते बोटांस लागणे सोयीचे, असे आम्हांस वाटते. तसे असेल तर कवडी ही चिनी गुंडीच्या फुलासारखीच होय: शोभेची आणि कामाची. पण हे पडताळून पाहावयाचे तर त्या स्त्रीकडे पुन्हा गेले पाहिजे होते. आम्ही पुढील वर्षी गेलो तेव्हा ती हयात नव्हती.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. बांधणे, खोचणे, ओढणे ही क्रियापदे सर्वसामान्य आहेत. ती वस्त्रापुरती मर्यादित नाहीत. मग ती वस्त्रांच्या प्रकरणात नोंदवून नवे काय मिळणार? ह्यास उत्तर असे की, क्रियापद सामान्य असले तरी त्याची नामाशी पडलेली जोडी सामान्य नसते. 'लावणे' हे मराठीतील अत्यंत व्यापक क्रियापद आहे. परंतु बंदाच्या बाबतीत ते फक्त शिंप्याकडे राहिले आणि बटणाच्या बाबतीत दोघांकडे गेले, ही माहिती 'लावणे' ह्या एकट्या शब्दात नाही आणि 'बटण' ह्या एकट्या शब्दातही नाही. ती त्यांच्या जोडीत आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. नामांची यादी एका दिवसात होते, क्रियांची होत नाही. हे खरे आहे, आणि ह्यावर आमच्यापाशी उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की एका दिवसात झालेली यादी एका दिवसाच्याच किमतीची असते.

म्हणून सूचना अशी. वस्त्रांच्या प्रकरणात ह्यापुढे तीन रकाने असावेत: नाम, त्याबरोबर चालणारी बांधण्याची व सोडण्याची क्रियापदे, आणि ती क्रिया करणारी व्यक्ती. शिंपी, नेसणारी, की तिला नेसविणारी, हा तिसरा रकाना. प्रश्न चित्रावरून न विचारता वस्त्र हातात घेऊन विचारावा. आणि सांगणाऱ्याने नाम न देता वाक्य दिले तर ते वाक्यच जसेच्या तसे लिहावे. 'उत्तर नाही' ही नोंद प्रश्नावलीतून काढून टाकावी.

मोल्स्वर्थच्या साहाय्यक शास्त्र्यांनी जी गोष्ट सुमारे दोन शतकांपूर्वी ओळखली होती ती आपण नव्याने शिकत आहोत, ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कमीपणा आहे तो इतकाच की, त्यांच्या काळी सांगणारे पुष्कळ होते आणि आपल्या काळी ते एकेक करून कमी होत आहेत. वस्त्रे संग्रहालयाच्या काचेमागे सुरक्षित राहतील. नामेही पाटीवर राहतील. बांधण्याची रीत मात्र ज्या हातांत आहे त्या हातांबरोबर जाते, आणि तिची क्रियापदे तिच्या पाठोपाठ.